मुलाचा मधुमेह 'टाइप-१'च आहे, हे नेमके कशावरून ठरले?

पाणकणीस (धागाकर्ती)

माझी मुलगी सात वर्षांची असताना तापासाठी केलेल्या रक्ततपासणीत तिची उपाशीपोटी साखर १२८ निघाली. पुन्हा तपासली तेव्हा १२४, आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) ६.६. लहान मूल आहे, अंगाने किरकोळ आहे, म्हणजे टाइप-१च (ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते) असणार, असे धरून त्याच आठवड्यात इन्शुलिन सुरू झाले. पुढची दोन वर्षे घराचे वेळापत्रक सुई आणि ग्लुकोमीटर यांच्याभोवती फिरत राहिले. या काळात तिची साखर एकदाही दोनशेच्या वर गेली नाही, किटोन (इन्शुलिन फार कमी पडले की शरीरात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) कधी आढळले नाहीत, उलट साखर खाली जाऊन घाम फुटण्याचेच प्रसंग अधिक आले. इन्शुलिनची मात्रा इतकी कमी कशी, असे मी विचारले की 'हनिमून काळ (टाइप-१ च्या सुरुवातीला इन्शुलिन कमी लागण्याचा काळ) लांबला आहे' एवढेच उत्तर मिळे.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिची वही चाळली आणि पहिलाच प्रश्न आमच्याविषयी विचारला. आई-वडिलांची उपाशीपोटी साखर कधी पाहिली आहे का? यजमानांची ११९ निघाली. त्यांना आयुष्यात कसलाही त्रास झालेला नाही. नणंदेला गरोदरपणात साखर निघाली होती आणि बाळंतपणानंतर ती 'गेली' असे समजून नंतर कुणी पाहिलीच नव्हती. सासरे पंचवीस वर्षे 'बॉर्डरवर' आहेत आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे डोळे व मूत्रपिंडे ठणठणीत आहेत. नणंदेच्या आणि सासऱ्यांच्या गोष्टी आम्हांला आधीही ठाऊक होत्या, पण त्या एका ओळीत मांडून पाहाव्यात असे कुणालाच सुचले नव्हते. मुलीच्या अँटिबॉडी चाचण्या (टाइप-१ मधला प्रतिकारशक्तीचा हल्ला दाखवणाऱ्या) निगेटिव्ह आल्या, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन करते याचे माप) चांगले निघाले, आणि जनुकीय तपासणीत ग्लुकोकायनेज या जनुकातला दोष सापडला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इन्शुलिन थांबवून आठ महिने झाले. तेव्हा एचबीए१सी ६.५ होते, आताही ६.५ आहे.

एकाच जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या मुलांच्या मधुमेहाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढते आहे. ही शंका केव्हा घ्यावी, तपासणी कुणाची करावी आणि निदान बदलले की उपचार कसे बदलतात, याविषयी ज्यांना अनुभव वा माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.


उंबरठा

आपल्या मुलीचा त्रास कमी झाला याचा आनंद आहे, पण एक शंका मनातून जात नाही. ६.५ हा आकडा मधुमेहाच्या व्याख्येत बसतो, आणि तरीही औषध नाही. साखर वाढलेली ठेवली की डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू यांवर परिणाम होतो हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. जनुकाचे नाव कळले म्हणून साखर निरुपद्रवी कशी ठरते?


अंतःस्रावी

मी मुलांच्या संप्रेरकविकारांवर काम करतो. इथे कुणाच्या मुलाविषयी वैयक्तिक सल्ला देणार नाही, परंतु उंबरठा यांचा प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना रक्तातली साखर किती आहे याची जाणीव ग्लुकोकायनेज या विकरामुळे होते. घरातल्या फ्रिजचे तापमान ज्या खटक्यावर ठरते, तसा हा खटका समजा. ज्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असते, त्यांचा खटका जन्मापासूनच थोडा वर बसवलेला असतो. इन्शुलिन तयार करण्याची ताकद शाबूत असते, ते फक्त थोड्या वरच्या पातळीला स्रवू लागते. त्यामुळे उपाशीपोटी साखर साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात राहते, जेवणानंतर ती फारशी उसळी घेत नाही, आणि एचबीए१सी ५.६ ते ७.६ च्या दरम्यान आढळते. अशा माणसाला गोळी वा इन्शुलिन दिले, तर शरीर आपल्या ठरलेल्या पातळीकडे परत येण्यासाठी धडपडते, म्हणून औषध देऊन आणि बंद करून एचबीए१सी जवळजवळ तेवढेच राहते. धागाकर्तींच्या मुलीचा आकडा हलला नाही, यात म्हणूनच नवल नाही.

परिणामांचे म्हणाल तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात हा दोष असलेल्या ९९ जणांची तपासणी झाली. हा दोष जन्मजात असल्यामुळे त्यांनी सरासरी सुमारे पन्नास वर्षे वाढलेल्या साखरेसह काढलेली होती. दृष्टिपटलावरचे किरकोळ बदल त्यांच्यात निरोगी नातेवाइकांपेक्षा अधिक दिसले, पण लेसर उपचारांची वेळ कुणावरही आलेली नव्हती, आणि मूत्रपिंडाचे व हृदयाचे गंभीर विकार वाढलेले आढळले नाहीत. एक पथ्य मात्र पाळायचे. या माणसांना पुढे वयपरत्वे टाइप-२ होऊ शकतो, जसा तो कुणालाही होतो. एचबीए१सी ७.६ च्या पलीकडे सरकू लागले, तर 'आपला जनुकीय आहे' म्हणून स्वस्थ बसायचे नाही.

आणि एक महत्त्वाचा खुलासा. 'औषध नको' हे फक्त या एका प्रकाराला लागू आहे. एका जनुकातल्या दोषामुळे तरुणपणीच होणाऱ्या मधुमेहाच्या या गटाला मोडी म्हणतात (आपल्याला आधी लिपीच आठवते, पण हे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव आहे), आणि त्यातले इतर प्रकार इतके सौम्य नाहीत.


तिसरा प्रहर

आमची गोष्ट याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. मुलगा नऊ आठवड्यांचा असताना दूध ओढेनासा झाला, श्वास जोरजोरात चालू लागला. रुग्णालयात नेले तेव्हा साखर सहाशेच्या वर होती आणि रक्त आम्लधर्मी झाले होते. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर आम्हांला 'टाइप-१, आयुष्यभर इन्शुलिन' असे सांगून घरी पाठवण्यात आले. एवढ्या लहान बाळाला अर्ध्या युनिटच्या हिशोबात इन्शुलिन देणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. रात्री कधी साखर चाळीस, तर पहाटे चारशे.

चौथ्या महिन्यात एका तज्ज्ञांनी सांगितले की सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला मधुमेह हा टाइप-१ जवळपास कधीच नसतो, आणि अशा प्रत्येक बाळाची जनुकीय तपासणी लगेच व्हायला हवी. केसीएनजे-११ या जनुकातला दोष निघाला. रुग्णालयात दाखल करून इन्शुलिन हळूहळू उतरवत ग्लिबेनक्लामाइडची गोळी वाढवत नेली. दहाव्या दिवशी इन्शुलिन बंद झाले. आता तो सहा वर्षांचा आहे आणि दिवसातून दोनदा गोळी घेतो. त्याला सुई आठवतही नाही. आम्हांला आठवते.


उंबरठा

हे वाचून थक्क झालो. मधुमेहाच्या ज्या गोळ्या वयस्कर मंडळी घेतात, त्याच गोळ्या तान्ह्या बाळाला? आणि ज्याच्या शरीरात इन्शुलिन नाही, त्याला गोळी लागू कशी पडते?


अंतःस्रावी

त्या बाळाच्या शरीरात इन्शुलिन असते, ते बाहेर पडत नसते. सगळी मेख इथेच आहे.

बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमची एक वाट असते. साखर पेशीत शिरून जळली की एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा वाहणारे रसायन, तयार होते, एटीपीमुळे ही वाट बंद होते, त्यातून पेशीचा विद्युतभार बदलून कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्शुलिन बाहेर सोडले जाते. ही वाट इन्शुलिन स्रवण्याच्या मुळाशी आहे, हे ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ साली दाखवून दिले होते. केसीएनजे-११ आणि एबीसीसी-८ ही दोन जनुके त्या वाटेचे दोन भाग घडवतात. त्यांतल्या काही दोषांमुळे एटीपी आले तरी वाट बंदच होत नाही, आणि पेशी इन्शुलिनने भरलेली असूनही मुकी राहते. सल्फोनिलयुरिया गटाची गोळी (ग्लिबेनक्लामाइड त्यातलीच) एटीपीची वाट न पाहता, दुसऱ्या जागी चिकटून तीच वाट बंद करते. म्हणजे ही गोळी इथे नेमक्या बिघडलेल्या जागीच काम करते.

केसीएनजे-११ चा दोष नवजात मधुमेहाचे कारण असल्याचे २००४ साली एक्झेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, असा दोष असलेल्या ४९ रुग्णांना गोळीवर आणण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांतल्या ४४ जणांचे इन्शुलिन पूर्ण थांबले. त्यांचे सरासरी एचबीए१सी ८.१ वरून ६.४ वर आले. २०१८ मध्ये अशा ८१ रुग्णांचा सुमारे दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला, त्यात ९३ टक्के जण त्या वेळीही केवळ गोळीवर होते. प्रयोगशाळेतल्या शोधाने इतक्या लवकर बाळाच्या हातातली सुई काढून घेतल्याची उदाहरणे वैद्यकात फार थोडी आहेत, आणि खरे सांगायचे तर मी या शाखेकडे वळलो त्यात या उदाहरणाचा मोठा वाटा आहे.

मात्र वजनाच्या मानाने ही मात्रा प्रौढांच्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक लागते, सुरुवातीला जुलाब होऊ शकतात, काही मुलांचे दात काळपट पडतात. हीच वाट मेंदूतही असते, त्यामुळे काही बाळांमध्ये मधुमेहाबरोबर विकास मागे पडणे आणि फिट्स येणे असेही दिसते. त्या बाळांना गोळी जितकी लवकर मिळेल तितके बरे, कारण इन्शुलिनने साखर सुधारते, मेंदूतला दोष नाही. 'बाळ मोठे झाल्यावर तपासणी करू' हा सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही.

नवजात मधुमेहाची सगळीच बाळे या गटातली नसतात. सुमारे निम्म्या बाळांचा मधुमेह काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप मावळतो. त्यामागे बहुतेक वेळा सहाव्या गुणसूत्रावरच्या एका भागातला बिघाड असतो, आणि त्यांतल्या अनेकांना किशोरवयात किंवा तारुण्यात तो परत गाठतो. पालकांना मात्र 'बरा झाला' एवढेच लक्षात राहते. इन्शुलिनच्याच जनुकात दोष असेल तर चुकीच्या घडणीचे इन्शुलिन पेशीत साचून तिलाच मारते. तिथे गोळीचा उपयोग होत नाही, इन्शुलिनच द्यावे लागते.


रानवाट

मी स्वतः रुग्ण आहे, वय चोवीस. चौदाव्या वर्षी शाळेच्या तपासणीत लघवीत साखर आढळली, पण रक्तातली साखर तेव्हा जवळजवळ ठीक होती, म्हणून दुर्लक्ष झाले. सोळाव्या वर्षी उपाशीपोटी १६०, जेवणानंतर ३१०. टाइप-१ ठरवून इन्शुलिन सुरू केले गेले. माझ्या आईला एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे आणि आजीची दृष्टी त्यानेच गेली. तीन पिढ्या, तिघीही तरुणपणी, तिघीही सडपातळ. आमच्या घरी याला 'आमच्या बायकांचे नशीब' म्हणत.

एचएनएफ-१ए या जनुकातला दोष निघाला. इन्शुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया गटातलेच ग्लिक्लाझाइड सुरू झाले, आणि पहिल्याच आठवड्यात साखर इतकी उतरली की मात्रा निम्म्याने कमी करावी लागली. आता एचबीए१सी ६.७ आहे. आईचीही तपासणी झाली, आणि तीस वर्षे घेतलेले इन्शुलिन तिचेही बरेच कमी झाले. तिला आनंद झाला की राग आला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.


अंतःस्रावी

रानवाट यांनी लघवीतल्या साखरेचा उल्लेख केला हे फार बरे झाले. एचएनएफ-१ए च्या दोषात मूत्रपिंडाचा साखर थोपवण्याचा उंबरठा खाली आलेला असतो, त्यामुळे रक्तातली साखर वाढण्याच्या आधीच ती लघवीत उतरते. या गटाला सल्फोनिलयुरिया किती लागू पडते याची तुलना २००३ साली झाली होती. ग्लिक्लाझाइडने उपाशीपोटीची साखर मेटफॉर्मिन या टाइप-२ च्या नेहमीच्या गोळीच्या सुमारे पाचपट उतरली. म्हणूनच सुरुवात नेहमीच्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने करतात. हा प्रकार सौम्य नव्हे. साखर वर्षांगणिक वाढत जाते, आणि नियंत्रण नसेल तर टाइप-१ किंवा टाइप-२ इतकेच नुकसान होते. आजींचे उदाहरण दुर्दैवाने नमुनेदार आहे.

याचाच भाऊबंद एचएनएफ-४ए. त्यात अनेकदा बाळ जन्मतः बरेच वजनदार असते, पहिल्या काही दिवसांत काहींची साखर खाली जाते, आणि पुढे तरुणपणी त्याच माणसाला मधुमेह होतो. जन्मवेळचे कागद जपून ठेवावेत, ते अशा वेळी उपयोगी पडतात. एचएनएफ-१बी मध्ये मूत्रपिंडात गाठी, रक्तातले मॅग्नेशियम कमी, असे इतर अवयवांचे दोष मधुमेहाच्या आधीच दिसू शकतात. तिथे गोळ्या सहसा पुरत नाहीत, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत तो दोष आई-वडिलांत नसतोच.


साधा प्रश्न

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. माझ्या मुलीला टाइप-१ आहे. असे लेख वाचून आम्हीही आशेने सगळ्या चाचण्या केल्या, तीन अँटिबॉडी पॉझिटिव्ह निघाल्या, विषय संपला. पण त्या मधल्या दोन महिन्यांत सासूबाईंनी 'इन्शुलिन उगाच देताय, त्या मुलाचे गोळीने बरे झाले' असे रोज ऐकवले. इथे वाचणाऱ्या एखाद्या घरात त्याच भरात इन्शुलिन बंद झाले तर काय होईल, याचा विचार व्हावा.


अंतःस्रावी

शब्दाशब्दाशी सहमत आहे. टाइप-१ असलेल्या मुलाचे इन्शुलिन थांबले, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. जनुकीय अहवाल हातात येऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत इन्शुलिनचा एकही डोस कमी करायचा नाही. धागाकर्तींनी वरच्या लेखात ही ओळ ठळक करून टाकावी, अशी विनंती करतो.

प्रमाणाचेही भान हवे. ब्रिटनमधल्या एका पद्धतशीर पाहणीत वीस वर्षांखालील मधुमेही मुलांपैकी २.५ टक्के मुलांचा मधुमेह एका जनुकातल्या दोषामुळे असल्याचे आढळले. म्हणजे शंभरातले दोन-तीन. म्हणून सरसकट सगळ्यांची जनुकीय तपासणी न करता आधी चाळणी लावतात. पहिली चाळणी अँटिबॉडीची. टाइप-१ मध्ये निदानाच्या वेळी दहापैकी नऊहून अधिक मुलांत निदान एक तरी पॉझिटिव्ह असते, मोडीत ती क्वचितच आढळते. दुसरी चाळणी सी-पेप्टाइडची, म्हणजे शरीर स्वतः किती इन्शुलिन करते याची. तिच्यात एक गोम आहे. टाइप-१ च्या सुरुवातीच्या काळातही सी-पेप्टाइड चांगले येऊ शकते, त्यामुळे निदानानंतर तीन-चार वर्षांनीही ते टिकून असेल तेव्हाच त्याला खरे वजन येते. तिसरी गोष्ट घराण्याची माहिती, आणि ती फक्त 'कुणाला शुगर आहे का' एवढ्या प्रश्नाने मिळत नाही. कितव्या वर्षी निघाली, वजन किती होते, कशावर भागते, हे सगळे विचारावे लागते. लठ्ठपणा नसलेले, अँटिबॉडी निगेटिव्ह असलेले, सी-पेप्टाइड टिकून असलेले आणि आई किंवा वडिलांना तरुणपणी मधुमेह झालेला, असे मूल दिसले की तपासणी टाळू नये.


अर्धविराम

आमच्या मुलाच्या अहवालात जनुकात बदल आढळला आहे, पण पुढे 'अर्थ अनिश्चित' असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणतात थांबा. एवढे करूनही पुन्हा थांबाच?


अंतःस्रावी

थांबा म्हणणारे डॉक्टर बरोबर आहेत. प्रत्येकाच्या जनुकांत असंख्य बदल असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. प्रयोगशाळा सापडलेल्या बदलाची निरुपद्रवीपासून रोगकारकापर्यंत पाच पायऱ्यांवर वर्गवारी करतात, त्यातली मधली पायरी तुमच्या वाट्याला आली आहे. तिच्या जोरावर उपचार बदलायचे नसतात. पण हातावर हात ठेवूनही बसायचे नसते. तोच बदल घरातल्या मधुमेही व्यक्तींत आहे का आणि निरोगी व्यक्तींत नाही ना, हे पाहिले तर पारडे एका बाजूला झुकू शकते. दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेला त्याच बदलाचा फेरविचार करायलाही सांगता येते.

उलट बाजूने, 'काही सापडले नाही' या अहवालालाही मर्यादा असतात. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर नेहमीच्या वाचनात तो निसटू शकतो, एचएनएफ-१बी मध्ये हे वारंवार घडते. सहाव्या गुणसूत्रावरच्या बिघाडासाठी तर निराळीच चाचणी लागते. म्हणून कोणती जनुके कोणत्या पद्धतीने तपासली, हे अहवालात वाचावे.


काठावरची

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच मधुमेह नाही, पण आम्ही पती-पत्नी नात्यातले आहोत. मुलाला पाच वर्षांचा असताना मधुमेह झाला, अँटिबॉडी निगेटिव्ह. आता तो दहा वर्षांचा आहे आणि फळ्यावरचे दिसत नाही म्हणतो. चष्म्याने फरक पडलेला नाही. याचा इथल्या विषयाशी संबंध असू शकेल का?


अंतःस्रावी

असू शकेल, आणि आपण नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिमज्जातंतूची तपासणी या आठवड्यातच करून घ्यावी असे सुचवतो. आतापर्यंत या धाग्यावर बहुतेक चर्चा एकाच सदोष प्रतीने होणाऱ्या प्रकारांची झाली, ज्यांत तो दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. दुसरा एक गट असा आहे की आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच विकार होतो. आई-वडील निरोगी असतात, म्हणून घराण्याच्या इतिहासात काहीच सापडत नाही. वुल्फ्रम सिंड्रोम हा त्यांतला एक. त्यात सहाव्या वर्षाच्या सुमारास मधुमेह आणि अकराव्याच्या सुमारास दृष्टी कमी होणे हा क्रम अनेकांत दिसतो, पुढे ऐकू कमी येणे आणि अतिशय लघवी होणे हेही येते. मी आपल्या मुलाचे निदान करत नाही, ते इथे बसून करताच येणार नाही. पण मधुमेहामुळे डोळे बिघडले असतील असे समजून स्वस्थ राहू नये. दहाव्या वर्षी मधुमेहाने नजर इतकी जाणे फार दुर्मीळ आहे.

याच गटातला आणखी एक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मधुमेह, बहिरेपणा आणि एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय एकत्र आले, तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, मोठ्या मात्रेत दिल्याने रक्तक्षय सुधारतो आणि बऱ्याच मुलांची इन्शुलिनची गरजही कमी होते. बहिरेपणा मात्र त्याने परत फिरत नाही.


काठावरची

उद्याचीच वेळ घेतली आहे. तपासणी झाल्यावर इथे कळवीन.


पाणकणीस (धागाकर्ती)

इन्शुलिन स्वतःहून न थांबवण्याविषयीची ओळ वरच्या लेखात टाकण्याची विनंती संपादकांना केली आहे. साधा प्रश्न यांची माफी मागते, ते मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते.

दोन शंका उरल्या आहेत. मोठ्या मुलाची जनुकीय तपासणी करावी का? त्याची उपाशीपोटी साखर दोनदा पाहिली, ८८ आणि ९१. आणि शाळेच्या आरोग्य अर्जात मुलीला 'मधुमेह आहे का' या रकान्यापुढे काय लिहावे? 'हो' लिहिले तर शिक्षक तिला खेळातून बाजूला काढतात, 'नाही' लिहिले तर खोटे वाटते.


अंतःस्रावी

ग्लुकोकायनेजचा दोष असेल तर साखर जन्मापासूनच वर असते, त्यामुळे ८८ आणि ९१ आल्यावर मुलात तो असण्याची शक्यता फारच थोडी. मी तपासणी सुचवणार नाही. अर्जात 'ग्लुकोकायनेज जनुकातील बदलामुळे साखर किंचित अधिक, औषध नाही, आहार व खेळावर बंधन नाही' असे लिहावे आणि डॉक्टरांचे पत्र जोडावे. तेच पत्र तिच्या फाइलमध्ये कायम पहिल्या पानावर ठेवा. पुढे कधी शस्त्रक्रियेच्या वेळी कुणी नवीन डॉक्टर १२५ पाहून पुन्हा इन्शुलिन लिहून देऊ शकतो. ती मोठी होऊन गरोदर राहिली, तर मात्र पत्र दाखवून तज्ज्ञांना आवर्जून भेटावे लागेल, कारण तेव्हा उपचार करायचे की नाहीत हे बाळात हा दोष उतरला आहे की नाही यावर ठरते. न उतरलेल्या बाळाला आईची साखर जास्त पडून त्याचे वजन वाढते.


पाणकणीस (धागाकर्ती)

आज अर्ज भरला. रकान्यात एवढे मावले नाही, म्हणून 'मागे पाहावे' असे लिहून बाकीचे मागच्या बाजूला लिहिले. नणंदेलाही या धाग्याचा दुवा पाठवला आहे. ती सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे.